आठही दिवे लागतात तरी

माझ्या सासऱ्यांना सगळं येतं. फक्त 'चुकलं' म्हणता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते, त्यामुळं इथं लिहिलं म्हणून काही आभाळ कोसळणार नाही.

छत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम केलं. रस्त्याकडेला खड्डा, खड्ड्यात हे, आणि समोर मनगटाएवढी जाड केबल. तिच्या पोटात शेकडो बारीक तारा. कुठं पाणी शिरलं की अर्ध्या वस्तीचे फोन मुके व्हायचे आणि हे खाली बसून एकेक तार तिच्याच पलीकडच्या तुकड्याला पिळून जोडायचे. त्यांनी केलेला जोड पुन्हा कधी उघडावा लागला नाही, असं ते सांगतात. खात्यातले त्यांचे सोबतीही तेच सांगतात, म्हणून मी मुकाट्यानं मानते. एरवी त्यांचं सगळंच मी मुकाट्यानं मानते असं मात्र कुणी समजू नये. माझ्या नाकावर राग असतो आणि तो घरात सगळ्यांना माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर माणूस चार दिवस आराम करील, अशी आमची भाबडी समजूत. बाबांनी (सासऱ्यांना मी बाबा म्हणते) महिन्याभरात एक जुना कॉम्प्युटर उघडला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि घरचा सर्व्हर उभा केला. फोटो, कागदपत्रं, गाणी, सगळं त्यात. आणि घरातल्या कुठल्याही खोलीतून ते उघडता येणार. ते त्याला 'एक्सचेंज' म्हणत. आम्ही बाकीचे 'पेटी' म्हणायचो. पेटी म्हटलं की त्यांना राग यायचा, म्हणून जास्तच म्हणायचो.

त्या पेटीला खरं काम मिळालं ते सासूबाईंच्या ऑपरेशनमुळं.

आईंचं स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सोळा दिवस हातात होते. आई जगणार होत्या, पण बोलणार नव्हत्या. मी रडत बसले. नवरा डॉक्टरांना तेच ते प्रश्न विचारत राहिला. बाबा वही घेऊन बसले. आई दिवसभरात काय काय बोलतात ते त्यांनी आठवून आठवून लिहून काढलं, आणि ही सगळी वाक्यं आईंच्याच आवाजात भरून ठेवायची असं जाहीर केलं.

आईंनी यादी वाचली आणि अर्धी खोडली.

"मी कधी म्हणते हो, 'कृपया दार लावून घ्या'?"

"मग काय म्हणतेस?"

"'दार लावा, आणखी किती वेळा सांगू?' हे म्हणते."

"बरं. तसं लिहितो."

"आणि तो 'आणखी' जरा लांबवायचा असतो. ते वहीत येणार नाही, मीच भरते."

कपड्यांच्या कपाटात पांघरुणांच्या ढिगासमोर मायक्रोफोन टांगून आईंनी अठराशेच्या वर वाक्यं भरली. 'चहा गार होतोय', 'चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे', 'हिला ओरडू नका, दमलीये ती', 'मला कुणी विचारलंय का?' नुसते 'हं' नऊ प्रकारचे होते. होकाराचा, संशयाचा, 'बघते तुमच्याकडं' असा. बाबा कपाटाबाहेर स्टुलावर बसून प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायचे. शेवटच्या दोन दिवसांत आईंचा आवाज बसत आला, तरी त्या भरत राहिल्या. शेवटचं वाक्य भरून बाहेर आल्या तेव्हा बाबांनी विचारलं, "आणखी काही राहिलं का?" आई म्हणाल्या, "आता राहिलं ते राहिलं." त्यानंतर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

तर ही व्यवस्था. वाक्यं पेटीत. आईंच्या हातात टॅब, त्यावर वाक्यांची यादी. बोट ठेवलं की त्या ज्या खोलीत असतील तिथल्या स्पीकरमधून त्यांचा आवाज. टॅब जुना होता, त्यात एवढं सगळं मावत नव्हतं, आणि त्याचा स्वतःचा आवाज डासासारखा. स्पीकरमधून मात्र आई अगदी आई वाटायच्या. ऑपरेशननंतर घरी आल्या त्या संध्याकाळी नवऱ्यानं बूट दारातच काढले, आणि स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "बूट कपाटात!" आम्ही चौघंही जागच्या जागी थांबलो. मग नवऱ्यानं बूट कपाटात ठेवले आणि तिथंच उभा राहून डोळे पुसले.

दोन महिने सुखाचे गेले. मग आवाज तुटायला लागला.

'चहा झा' इथं थांबायचं. कधी नुसतीच खरखर. कधी काहीच नाही, आणि अर्ध्या मिनिटानं, आई दुसऱ्या कामाला लागल्यावर, रिकाम्या खोलीत आवाज यायचा, "झालं का तुमचं?" बाबांनी खात्यातल्या शिस्तीप्रमाणं तक्रारवही उघडली. तक्रार क्रमांक, वेळ, लक्षण. 'तक्रार चार, सकाळी अकरा दहा, ग्राहकाचे वाक्य अर्धवट.' ग्राहक म्हणजे आई.

संशयितांना तोटा नव्हता. त्याच आठवड्यात इंटरनेटवाल्यांनी नवा राउटर बसवला होता. त्याच आठवड्यात पेटीची घरघर नको म्हणून बाबांनी ती हॉलमधून वरच्या खोलीत हलवली होती आणि जिन्याच्या कडेनं स्वतः लांबलचक केबल टाकून ती राउटरला जोडली होती. आणि त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसनं मला घरून काम दिलं. मी इमारतींचे नकाशे काढते. फायली एवढाल्या मोठ्या, त्या मी पेटीत ठेवायला लागले होते.

बाबांनी वहीवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यावर येऊन थांबलं.

"तू फायली चढवल्यास की लाइन पडते. हे बघ, सातपैकी पाच वेळा."

"बाबा, फायली चढवायलाच असते ना ती? मी काय तिच्यावर दगड ठेवतेय?"

"मी दोष देत नाहीये. मी नोंद दाखवतोय."

"नोंद दाखवताना तुमचं बोट माझ्याकडं का आहे मग?"

स्वयंपाकघरातून आईंचं 'हिला ओरडू नका' यायला हवं होतं. आलं ते "हिला ओ".

पुढचे आठ दिवस बाबांनी घर उलटंपालटं केलं. राउटर खिडकीतून कपाटावर गेला, कपाटावरून टेबलावर आला. फ्रिजचा प्लग दुसरीकडं लावला. पेटी उघडून आतली धूळ रंगाच्या कुंचल्यानं झाडली. सर्व्हरचा पत्ता कायमचा एकच ठरवून टाकला, म्हणजे टॅबला शोधत बसायला नको. स्पीकर एकेक करून काढून बघितले. मी माझ्या फायली ऑफिस सुटल्यावर चढवायला लागले, वरकरणी कुरकुरत. त्यानं थोडं बरं वाटलं, पण आवाज तुटायचा तो तुटायचाच. मी एकदा म्हटलं, "केबल बघितलीत का?" बाबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईवडिलांबद्दल काही बोलले. खिशातून केबल तपासायचं यंत्र काढलं. त्याचे दोन तुकडे असतात, केबलच्या दोन टोकांना लावायचे. केबलमध्ये आठ तारा, यंत्रावर आठ दिवे. एक, दोन, तीन करत आठही हिरवे दिवे ओळीनं लागले.

"आठच्या आठ," बाबा म्हणाले. "केबल मी टाकलीये."

पहिलं वाक्य पुरे होतं, पण त्यांना दुसऱ्या वाक्याचाच भरवसा जास्त.

आणि मग तो मंगळवार आला. समोरच्या घरातल्या बाई आईंना भेटायला आल्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आईंनी साडी बदलली होती, केस नीट बांधले होते, टॅब मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसल्या होत्या. बाई दारात आल्याबरोबर आईंनी बोट ठेवलं. स्पीकर म्हणाला, "या, ब". मग खरखर. आईंनी पुन्हा बोट ठेवलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा ठेवलं.

बाई अवघडल्या. आईंकडं बघून हसल्या, आणि माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, "बऱ्या आहेत ना त्या? खातात ना नीट?" आई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. त्यांचं सगळं ऐकत असलेल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्या लेखी आई त्या क्षणी खोलीत नव्हत्याच. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बरं दिलं नसणार.

बाई गेल्यावर आई उठल्या, हॉलमधल्या कपाटाचा खण उघडला, टॅब पालथा घालून चादरींच्या खाली ठेवला आणि खण लावून टाकला. त्या दिवसापासून त्या टाळी वाजवून हाक मारायला लागल्या. एक टाळी मला, दोन बाबांना. बाबा टॅब काढून द्यायला गेले तर त्यांनी नुसती मान हलवली. घर इतकं शांत झालं की मला घड्याळाचा राग यायला लागला. लोक म्हणतात ऑपरेशनात आईंचा आवाज गेला. खरं सांगते, तो त्या मंगळवारी गेला.

शुक्रवारी बाबा डोळे तपासायला गेले होते. मी संधी साधली. वरची पेटी उचलून खाली आणली, राउटरच्या शेजारी स्टुलावर ठेवली, आणि ऑफिसमधून आणलेली हातभर लांबीची तयार केबल जोडली. मग सूड घेतल्यासारख्या माझ्या सगळ्या मोठ्या फायली एकदम चढवल्या आणि माझ्या फोनवरून आईंची वाक्यं लावत सुटले. आवाज अगदी बारीक ठेवून, आत झोपलेल्या आईंना ऐकू जाऊ नये म्हणून. चाळीस वाक्यं लावली. चाळीसच्या चाळीस पूर्ण आली. घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. आता हे बाबांना सांगायचं होतं.

बाबा आले. स्टुलावरची पेटी बघितली. तयार केबल बघितली. मी सांगितलं ते ऐकून घेतलं आणि चप्पलही न काढता जिन्याकडं गेले. यंत्र लावलं. एक, दोन, तीन, आठही दिवे.

"दिवे लागतात," ते म्हणाले.

"लागतात बाबा. पण आवाज येत नाही."

त्यांनी भिंग आणलं. आपल्या केबलचं टोक आणि तयार केबलचं टोक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि टोकाच्या पारदर्शक कनेक्टरमधून दिसणारे तारांचे रंग वाचायला लागले. आठ तारा म्हणजे दोन दोन तारांच्या पिळलेल्या चार जोड्या असतात. बाबांच्या टोकात निळी जोडी, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, तपकिरी जोडी अशा शहाण्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. खात्यात छत्तीस वर्षं हाच क्रम. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तयार केबलमध्ये मात्र हिरवी जोडी फुटली होती. एक हिरवी तार इकडं, एक तिकडं, आणि मध्ये निळी जोडी.

"फॅक्टरीवाल्यांनी घाई केलीये," बाबा म्हणाले. "जोडी फोडलीये बघ."

"पण बाबा, चालतेय ती हीच."

मग त्यांनी बोटानं कनेक्टरवरच्या जागा मोजल्या. पहिली-दुसरी. तिसरी... आणि सहावी. पुन्हा मोजल्या. आणि भिंग खाली ठेवलं.

मला त्यांनी नंतर समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. फोनच्या कामात शेजारच्या दोन तारा मिळून एक बोलणं वाहून नेतात. कॉम्प्युटरच्या जगात कुणीतरी ठरवून ठेवलंय की तिसरी आणि सहावी मिळून नेतात. म्हणून फॅक्टरीवाले हिरवी जोडी मुद्दाम फाकवून बसवतात, म्हणजे तिसरी आणि सहावी एकाच पिळाच्या राहतील. बाबांच्या व्यवस्थित रांगेत तिसरी तार एका पिळातली आली आणि सहावी दुसऱ्याच. यंत्र एवढंच विचारतं की तार या टोकाची त्या टोकाला पोचली का? पोचली. दिवा लागला. पण एका बोलण्याच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या नसल्या की शेजारच्यांचा गोंगाट त्यात शिरतो. हातभर केबलमध्ये ते खपून गेलं असतं. जिना चढून जाणाऱ्या लांब केबलमध्ये, माझ्या फायलींच्या रेट्यात, खपलं नाही.

"फोनमध्ये पण हा दोष असतो," ते म्हणाले. "एकाच्या फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. जोडी फुटली की असं होतं. खड्ड्यात बसून मी हेच तर शोधायचो. कुणी असा जोड केला की सगळ्यांसमोर फाडून खायचो त्याला."

एवढं बोलून ते कनेक्टरकडं बघत राहिले. मला त्यांना चिडवायला शंभर वाक्यं सुचली असती एरवी. एकही सुचलं नाही. छत्तीस वर्षांत एकही जोड उघडावा न लागलेल्या माणसानं आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या आवाजाची जोडी फोडून ठेवली होती, आणि तीही नीटनेटकेपणानं. मला त्यांचा इतका लळा आहे हे मला त्या टेबलाशी कळलं.

त्यांनी दोन्ही टोकं कापली. तारांचे पीळ सोडवले, रंगांचा क्रम लावला, या वेळी एकेक रंग तोंडानं म्हणत, पहिलीतल्या मुलासारखे. चिमट्यानं कनेक्टर दाबले. पेटी पुन्हा वर गेली. मी माझ्या सगळ्या फायली चढवल्या, त्यांनीच सांगितलं म्हणून, आणि पेटीवरचा हिरवा दिवा एकदाही विझला नाही.

आता खण राहिला होता.

आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. बाबांनी हॉलमधला खण उघडला, चादरींखालून टॅब काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि आईंसमोर ठेवला.

"लाइन चालू झाली," ते म्हणाले.

आईंनी टॅबकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा भरवसा उडाला होता, आणि 'लाइन चालू झाली' हे त्यांनी त्या दहा-बारा दिवसांत नऊदा तरी ऐकलं होतं. मी दारात उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण हे बोलणं माझं नव्हतं.

बाबा खुर्ची ओढून बसले. भाजीतली एक काडी उचलली, ती मोडली.

"राउटरचा दोष नव्हता," ते म्हणाले. "हिच्या फायलींचा पण नव्हता. तारा मी चुकीच्या लावल्या. दोन्ही टोकांना. चूक माझी होती."

आईंचा हात थांबला. त्यांनी मान वर करून बाबांकडं बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, एखादा अनोळखी माणूस घरात शिरल्यासारखं. मग भाजीचे हात पदराला पुसले. टॅब जवळ ओढला. यादीत खाली, खाली, खूप खाली गेल्या. बोट ठेवलं.

"काय म्हणालात?" स्पीकरमधून आई म्हणाल्या. स्वच्छ, पूर्ण, शेवटपर्यंत.

बाबा पुढं वाकले. "चूक माझी होती म्हटलं."

बोट पुन्हा गेलं. "ऐकू नाही आलं, मोठ्यानं बोला."

"चूक माझी होती!"

"पुन्हा सांगा."

तिसऱ्या वेळी बाबांच्या लक्षात आलं. आईंचे कान उत्तम आहेत, माळ्यावर उंदीर फिरला तरी त्यांना कळतं. आईंचे खांदे हलत होते. ऑपरेशननंतर हसण्याचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात आणि डोळे भरतात, आणि त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. संसाराची एकेचाळीस वर्षं ऐकायचं राहिलेलं वाक्य होतं ते. मी दारात उभी राहून रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग आईंनी टॅबवरचं लाल बटण दाबलं. वाक्यं भरायचं बटण. ते ऑपरेशनच्या आधीपासून कुणी दाबलं नव्हतं, आणि पुन्हा दाबावं लागेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी टॅब उचलून बाबांच्या तोंडासमोर धरला आणि भुवया उंचावल्या.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी मुळीच मदत केली नाही. त्यांनी घसा साफ केला आणि टॅबमध्ये, एकेक शब्द तोडून, म्हणाले, "चूक माझी होती."

आईंनी ते भरून घेतलं, जिन्यावरच्या केबलमधून वरच्या पेटीत पाठवलं आणि यादीत सगळ्यात वर ठेवलं. त्या यादीत बाबांच्या आवाजातलं तेवढं एकच वाक्य आहे. दिवसातून दोनदा तरी ते आमच्या घरात ऐकू येतं, आणि बाबा प्रत्येक वेळी आधी स्पीकरकडं वळून बघतात की शेवटचा शब्द नीट आला का.